पाठीतलं तेल

"काका, कभी गोली लगी थी क्या आपको?" एक्सरे काढणाऱ्या पोरीनं ओली फिल्म दिव्याच्या पाटीवर लावली आणि मागं वळून असं विचारलं, तेव्हा खुशालराव मोहोडांना उभ्या जन्मात पहिल्यांदा स्वतःच्या पाठीबद्दल आदर वाटला. अकोल्यातली संध्याकाळ, बाहेर ऑटोवाल्यांचा कालवा, आत औषधी पाण्याचा आंबूस वास, आणि पाटीवर त्यांचा स्वतःचा कणा उजळलेला. कण्याच्या पोकळीत खालच्या अंगाला पांढरेशुभ्र ठिपके होते. काही टपोरे, काही बारीक, एकदोन लांबट, ताटलीत पारा सांडावा तसे. पोरीच्या कोटावर कहकशाँ असं नाव होतं. तिनं बोट फिल्मजवळ नेलं आणि म्हणाली, "छर्रे हैं ये तो. मिलिटरी में थे?" खुशालराव म्हणाले, "एसटीत होतो. कंडक्टर." "तो फिर गोली किसने मारी?" पोरगी गंभीर होती. खुशालरावांनी खरंच आठवून पाहिलं. तीस वर्षांत सुट्ट्या पैशांवरून कितीक लोकांशी भांडणं झाली होती, एकानं मूर्तिजापूरला छत्री मारली होती, पण गोळी घालण्याइतका चिवट प्रवासी काही आठवेना.

ते अकोल्याला मुलीकडे आले होते आणि स्टँडवर बसमधून उतरताना पडले. ज्या माणसानं लाखभर म्हाताऱ्यांना "सावकाश उतरा बाप्पा" म्हणून उतरवलं, तो स्वतः शेवटच्या पायरीवर धपकन जमिनीवर बसला, कारण ती पायरी त्याच्या पायाला लागलीच नाही. पाय होता, पायरी होती, दोघांची ओळख नव्हती. लोक जमले. एक जण म्हणाला, पिऊन आहे. मुलीनं, आकांक्षानं, संध्याकाळी ओढत एक्सरेला आणलं आणि तिथून फिल्मसकट हाडांच्या डॉक्टरकडे. डॉक्टरनं फिल्म पाहिली आणि खुर्चीतून उठलाच. "अरे वा!" म्हणाला. डॉक्टर 'अरे वा' म्हणाला की पेशंटनं पळावं, हे खुशालरावांना तरुणपणीच कळायला हवं होतं. त्यानं आतून बायकोला बोलावलं, ती बायकांची डॉक्टर, आणि शेजारच्या दातांच्या डॉक्टरलाही. तिघंही त्यांच्या कण्यासमोर उभे राहिले, पोरगी पाहायला आलेल्या पाहुण्यांसारखे. नाक कसं, रंग कसा. "हे तेल आहे काका," हाडांचा डॉक्टर म्हणाला. "जुन्या काळी पाठीत सुईनं सोडायचे, फोटोत नसा दिसाव्यात म्हणून. आता बंद झालं. मी फक्त पुस्तकात पाहिलं होतं. तुमच्या पाठीत कोणी सुई घातली होती का? टेबल खालीवर करून?"

घातली होती. खुशालरावांना त्या टेबलाचा थंडपणा पोटाला लागला. नवीन नोकरी, एसटीच्या टपावर कापसाचं गाठोडं चढवताना कमरेत कळ गेली ती टाचेपर्यंत, आणि मग त्या मोठ्या शहरातला तो मोठा दवाखाना. पाठीत रंग सोडू, फोटो काढू, रंग परत काढून घेऊ, असं सांगितलं होतं. होळीत लोक रंग सोडताना निदान पळायला तरी देतात. इथं पाय पट्ट्यांनी बांधले आणि टेबल उलार केलं, मागं ओझं जास्त झालं की बैलगाडी उलार होते तसं, फक्त इथं डोकं खाली. रंग मानेकडे उतरताना त्यांना कळत होता, मुंगीच्या पायांनी. भोवती शिकाऊ पोरं, मधे मोठा डॉक्टर, आणि कोपऱ्यात रेडिओवर क्रिकेट. फोटो झाले. मग तेल काढायची सुई आली. सुईनं दोन थेंब ओढले आणि त्याबरोबर खुशालरावांचा असा काही आवाज निघाला की रेडिओही ऐकू येईना. मोठ्या डॉक्टरनं हात धुतले आणि म्हणाला, "जाऊ द्या. राहू द्या आत. हळूहळू अंगात जिरतं." राहू द्या! पाहुण्याच्या घरी विसरलेल्या छत्रीबद्दल माणूस असं बोलतो. ज्याच्या पाठीत राहू द्यायचं होतं त्याला कोणी विचारलं नाही, आणि तोही येडा, टेबलावरून उतरताना दोन्ही हात जोडून "उपकार झाले साहेब" म्हणाला.

"तेल जिरलं नाही," अकोल्याचा डॉक्टर सांगत होता. "उलट त्यानं नसा सुजल्या आणि एकमेकींना चिकटल्या. शेवया जास्त शिजून गोळा होतात ना, तशा. म्हणून बसलं की आग होत असेल. पायावर पाणी सांडल्यासारखं वाटत असेल. तळव्याखाली खडे. होतं का असं?" घरात कोणी नसताना कपाट उघडून कोणी आपली अंतर्वस्त्रं मोजली असावीत, तसं खुशालरावांना झालं. "हे तुमाले कसं माहीत?" "पुस्तकात आहे." म्हणजे जे ते स्वतःचं वेड समजत होते, जे त्यांनी आईला सांगितलं नाही, बायकोला अर्धंच सांगितलं, ते कुठल्याशा पुस्तकात छापलेलं होतं आणि परक्या पोरांनी त्यावर परीक्षा दिल्या होत्या. "मंग काढा ते तेल." "आता नाही निघत. काढायला गेलो तर पाय जातील." "मंग मले याच्यात फायदा काय झाला?" डॉक्टर दुखावला. "निदान झालं ना काका! किती लोकांना साधं निदान मिळत नाही." त्यानं गोळ्या लिहिल्या आणि विचारलं, "एक फिल्म मी ठेवू? दुर्मिळ आहे." खुशालराव म्हणाले, "नाई. ते माहं हाय." इतक्या वर्षांत त्यांनी स्वतःसाठी हट्टानं मागून घेतलेली ती पहिलीच वस्तू असावी.

दुसऱ्या दिवशी रविवार. खुशालरावांनी पहाटेची पहिलीच अमरावती धरली, कारण रविवारी त्यांच्यावाचून घरी काम सुरू होत नसे. बसवर रऊफभाई ड्रायव्हर. रऊफभाईंबरोबर त्यांनी अर्धी नोकरी काढली होती. त्यांची स्वतःची निवृत्ती होऊन गेली, रऊफभाईंची अजून व्हायची होती. "आओ मोहोडभाऊ," रऊफभाई म्हणाले, "सारी गाडी खाली आहे. उभेच राहणार ना?" "हाव," खुशालराव म्हणाले आणि ड्रायव्हरच्या मागचा दांडा धरून उभे राहिले. काखेत खाकी पाकीट, पाकिटात पाठ. नव्या कंडक्टरनं दोनदा "बसा ना काका" म्हटलं आणि नाद सोडला. खुशालराव बसत नाहीत हे सगळ्या डेपोला ठाऊक होतं. तीस वर्षं ते ड्युटीवर बसले नाहीत. बसलं की मांड्यांच्या मागून निखारे चढत. बसच्या दणक्यांत उभं राहणं वाईट, पण बसणं म्हणजे चुलीवर बसणं, आणि चुलीपेक्षा दांडा बरा. महामंडळाला यात कर्तव्यनिष्ठा दिसली. आदर्श वाहक म्हणून त्यांचा सत्कार झाला, तेव्हा साहेब माईकवर म्हणाले, "या माणसानं प्रवाशांच्या सेवेत स्वतःला कधी बसू दिलं नाही." टाळ्या. मग त्यांना मंचावर मखमली खुर्ची दिली आणि "बसा" म्हणाले. खुशालराव हार घालून खुर्चीशेजारी उभे राहिले. साहेब पुन्हा माईककडे वळले. असा नम्र माणूस! साहेबांच्या डोळ्यांत पाणी आणि खुशालरावांच्या पोटरीवर पाणी, नसलेलं. ते वाकून धोतराच्या सोग्यानं कोरडी पोटरी पुसू लागले, तर पहिल्या रांगेला वाटलं की हा साहेबांच्या पाया पडतोय.

बाहेर उजाडत होतं. काळ्या जमिनीत कपाशीच्या पऱ्हाटीची बोंडं अर्धी फुटलेली, कुंपणाकुंपणांवर नव्या बियाण्याच्या पाट्या, प्रत्येक पाटीवर एक हसरा शेतकरी, जो या भागात कोणी पाहिलेला नव्हता. शेतकरी जीव देत होते त्या वर्षांत वऱ्हाडाला पाहुणे फार. दिल्लीचे कॅमेरे आले, मुंबईचे मंत्री आले, पुण्याहून धीर द्यायला पोरी आल्या, आणि सगळे विचारून विचारून जात. वऱ्हाडाच्या पाठीत त्या काळात इतक्या जणांनी सुया घातल्या की विचारू नका. फोटो झाले की सगळे म्हणत, राहू द्या, हळूहळू जिरतं. बोरगावला अशाच दोन पोरी चढल्या, गळ्यात ओळखपत्रं. पाकीट छातीशी धरून रिकाम्या गाडीत उभा असलेला म्हातारा पाहून त्यांच्या चेहऱ्यावर जी घाई दिसली, ती खुशालरावांनी बरोबर ओळखली. "काका, तुम्हाला निराश वाटतं का?" "नाई." "झोप लागते?" "उजव्या कुशीवर लागते." "शेती किती आहे?" "शेती नाई. एसटीत होतो." पोरींनी एकमेकींकडे पाहिलं. थोरली अपराधी आवाजात म्हणाली, "मग काका, तुमचा त्रास आमच्या कामात बसत नाही." "माहा त्रास कुठीच बसत नाई, बाई," खुशालराव म्हणाले. "मनून तर मी उभा हाओ." रऊफभाई स्टिअरिंगवर पडून हसले. चालकाशी बोलू नये अशी पाटी त्यांच्या डोक्यावर होती. चालकानं हसू नये असं काही लिहिलेलं नव्हतं.

पण त्यांचं हसणं थांबलं तेव्हा खुशालरावांच्या पोटात रविवार उतरला. बायको, वच्छला, वाट पाहत असेल. ओसरीवर गोधडी टाकली असेल, अंगणात लोक असतील. वच्छला पायाळू. पायांकडून जन्मलेली. अशा माणसाची लाथ लागली की पाठीतली उसण उतरते, हे वऱ्हाडात लहान पोरालाही ठाऊक. दवाखान्यातून खुशालराव वाकडे होऊन परत आले तेव्हा आईनं डॉक्टरांच्या नावानं बोटं मोडली आणि घरातच कायमचा इलाज आणायचं ठरवलं. सून पाहायची तर पायाळू. मोर्शीकडच्या एका गावी अशी पोरगी आहे असं कळलं. पायाळू माणसावर वीज पडते म्हणतात, म्हणून तिच्या बापाला ती ढग आले की घरात नकोशी होई. तो पावसाळ्याआधी लग्न उरकायला एका पायावर तयार झाला. लग्नानंतर तिसऱ्या दिवशी आईनं सगळी गल्ली ओसरीवर बोलावली. नवरा मुलगा पालथा. नवरी उभी, पावलांना अजून हळद. खुशालरावांना गोधडीत नाक खुपसून फक्त गोधडीचा वास येत होता आणि मग पाठीवर ते पाऊल आलं. थंड. चिमणीएवढं हलकं. आणि थरथरत होतं. अंगठ्यापासून टाचेपर्यंत सगळं पाऊल थरथरत होतं, कारण त्या एकोणीस वर्षांच्या पोरीचं पुढचं सगळं आयुष्य त्या अंगठ्यावर उभं होतं. आईनं विचारलं, "उतरलं का रे?" काही उतरलं नव्हतं. उलट निखारा पोटरीत गेला होता. "उतरलं," खुशालराव म्हणाले. गल्लीनं हुंकार भरला. पाऊल थरथरायचं थांबलं. त्या एका क्षणाला ते आजही वाईट म्हणायला तयार नव्हते. वाईट एवढंच की त्यानंतरचा प्रत्येक रविवार त्याच क्षणाचा हप्ता झाला.

कारण पुढच्या रविवारी शेजारचे दोघं आले, त्याच्या पुढच्या रविवारी दहा. वच्छलेच्या पायाला यश होतं. लोकांचं खरंच उतरायचं, ओणवे आलेले ताठ होऊन जायचे. पैसा ती घेत नसे. आलेल्यालाच वर चहा पाजी. आणि दर रविवारी बोहनी खुशालरावांची. ते पालथे पडत, ती पाय ठेवी, "उतरलं?" "उतरलं." मग रांग सुरू. दुकान उघडताना दुकानदार पहिल्या गिऱ्हाइकाला फिरवत नाही तसं. सोमवारी ते कण्हले की ती चकित होई. "कालच तं उतरलं होतं!" मंगळवारी चिडे. बुधवारी म्हणे, "तुमाले लाड पायजे, दुसरं काई नाई." आणि तिचं काय चुकलं? ज्या पायानं गाव बरं होतं त्यानं नवरा रविवारी बरा होतो आणि सोमवारी आजारी, तर नवराच लबाड. ते उभ्यानं जेवत, उभ्यानं चहा पीत, पेपर खिडकीत टेकवून वाचत. ती पाटावर बसून वर पाही. "घोड्यासारखे काय उभे राहता? घर हाय हे, तबेला नाई. बसा." "नाई बसत." "काहून?" "असंच." काहून नाही बसत, ते सांगायला आधी रविवार खोटा म्हणावा लागला असता. अशानं माणूस घोडा होतो.

मूर्तिजापूरला गाडी थांबली. चहाच्या टपरीवर त्यांनी रऊफभाईंना फिल्म दाखवली. पूर्वेकडे धरली तर कण्यातून सूर्य आला. "या अल्ला," रऊफभाई म्हणाले, "तुमच्या पाठीत तर पूरी बारात आहे, लायटिंगसकट." सगळं ऐकून घेतलं. बशीतला चहा थंड झाला. "म्हणजे तुमचं कधी उतरलंच नाही?" "नाई." "एक दफा पण?" "नाई ना, भाऊ." रऊफभाईंनी आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणला. "भाभीले दाखवू नका." "काहून?" "काहून काय? मी पण लेटतो त्या गोधडीवर. मेरा उतरता है, भाऊ. सच्ची उतरता है. आता तुम्ही बोलले की बोहनीच झूठी, तर माझी कंबर उद्या अकडणार. ते हमाल, ते म्हातारे, सगळ्यांच्या अकडणार. इतकी सालं बोलले उतरलं, अजून थोडी सालं बोला. किती राहिली आता?" यात काही खोट काढता येत नव्हती. खुशालरावांनी फिल्म पाकिटात घातली. गाडी सुटली तेव्हा त्यांनी मनाशी ठरवूनही टाकलं की पाकीट कपाटावर फेकायचं, पालथं पडायचं, उतरलं म्हणायचं. आपल्याच पाठीची लाज आपण राखली नाही तर कोण राखेल, असलं काहीतरी ते मनाशी म्हणाले. वाक्य चांगलं झालं. पोटरीवर पाणी सांडलं. ते वाकले, पुसलं. समोरच्या सीटवरच्या बाईनं पाय वर घेतले आणि खाली पाणी शोधू लागली.

बडनेऱ्याच्या पुलावर गाडी चढली तेव्हा मात्र मोतीराम आठवला. त्याला आठवायचं नाही असं त्यांनी कटाक्षानं ठरवलं होतं, आणि पूल चढणीचा, गाडी हळू, आठवायला भरपूर जागा. मोतीराम वरूडकडचा, संत्र्याची झाडं वाळलेला माणूस, मागच्या उन्हाळ्यात रांगेत आला होता. अंगानं चांगला तगडा, कमरेत वाक नाही, काही नाही. वच्छलेनं पाय ठेवला. "उतरलं?" "उतरलं माय," तो म्हणाला, तिच्या पायाला हात लावला, चहा प्याला, कप स्वतः विसळून पालथा घातला आणि गेला. पुढच्या रविवारी त्याच्या गावचा एक जण आला, त्यानं सांगितलं, मोतीरामनं फवारणीचं औषध घेतलं, गेला. वच्छलेनं त्या दिवशी रांग परत पाठवली. चुलीपुढे बसून राहिली, आणि खुशालराव दाराच्या चौकटीत, अर्थात उभे. "त्यानं खोटं काहून सांगतलं मले?" ती म्हणाली. रडत नव्हती, रागात होती. "नाई उतरलं मनला असता तं मी दुसरा पाय ठेवला असता. दोन्ही ठेवले असते. बसवून घेतलं असतं त्याले. उतरलं मनलं की माणसाचं काय करावं, सांगा तुमी? उतरलेल्या माणसाले कोनी थांबवते का?" खुशालरावांनी चौकट धरली. त्यांच्या दोन्ही पायांत निखारे होते आणि त्यांना वाटलं होतं की आता सांगावं. मग वाटलं होतं की आता तर मुळीच सांगू नये. आणि दुसऱ्या रविवारी ते गोधडीवर पालथे पडले होते आणि म्हणाले होते, उतरलं. म्हणताना त्यांना तो विसळून पालथा घातलेला कप दिसला होता.

अंगणात रांग होतीच. पहिला बाजार समितीतला हमाल देवीदास, काटकोनात वाकलेला, त्याच्यामागं पाचसात जण, आणि गाडी डेपोत लावून मागोमाग आलेले रऊफभाई, जे रांगेत न लागता तुळशीजवळ असे उभे राहिले की जणू दंगल होणार असल्याची खबर फक्त त्यांनाच आहे. वच्छला ओसरीवर पदर खोचून. आता साठीकडे आलेली, केस पांढरे, पाऊल रुंद, टाचेला भेगा. थरथरीचा मागमूस नाही. "या," ती म्हणाली. "लोकं कवाची खोळंबून राहिली. आकांक्षाचा फोन आला होता, पडले मने तुमी. पाहून उतरत जा ना! इतकी वर्षं दुसऱ्याइले उतरवलं. व्हा पालथे." खुशालराव पालथे झाले. पाकीट ठेवायचं राहूनच गेलं, ते पोटाखाली आलं आणि प्रत्येक श्वासाला कडकड वाजू लागलं. गोधडीचा वास तोच. पाऊल आलं. जड, कोमट, रोजच्या सवयीचं. फिल्म कडाडली. "हे काय वाजून राहिलं?" "काई नाई." "उतरलं?"

खुशालरावांनी तोंड उघडलं. तो शब्द जिभेवर तयारच होता, तिकिटासारखा, फाडून द्यायचा फक्त. गोधडीच्या काठावरून त्यांना अंगणातली मोरी दिसत होती, आणि मोरीवर कप पालथे घातलेले होते, रोजचे, चहाचे. "नाई," ते म्हणाले.

अंगणात कोणीतरी खोकत होतं, ते थांबलं. पाऊल जागचं हललं नाही. "काय मनले?" "नाई उतरलं." "आज नाई उतरलं?" "आज बी नाई." "मंग कवापासून?" वच्छलेचा आवाज आता तिचा नव्हता, त्या लग्नातल्या पोरीचाही नव्हता. गोधडीत तोंड घालून खुशालराव म्हणाले, "हळद होती तुह्या पायाले. तवापासून." ती खाली उतरली नाही. उलट वजन वाढलं, कारण तिला तोल सांभाळायला दुसरीकडे जागा नव्हती. "म्हंजे दर रविवारी तुमी माह्या पायाची थट्टा केली." "थट्टा नाई वो." "मंग काय केलं? सांगा, काय मनते त्याले?" खुशालरावांनी पोटाखालून पाकीट ओढून काढलं आणि पालथ्या पालथ्याच मागं वर धरलं, पाठीवरून, जसं कंडक्टर न बघता मागच्या प्रवाशाला तिकीट देतो. तेल, टेबल, रेडिओ, शेवया. जे डॉक्टरनं सांगितलं ते, आणि जे पुस्तकात नव्हतं तेही, ती पाठीवर उभी असतानाच त्यांनी सांगितलं. रांगेत काटकोनात वाकलेला देवीदास एवढा वेळ जमिनीकडे पाहत ऐकत होता. त्याला दुसरीकडे पाहताच येत नव्हतं. तो चाचरत म्हणाला, "मंग बाई, आमचं उतरते ते बी खोटं का?"

"मले काय माहीत बाप्पा!" वच्छला कडाडली. "तुमचं तुमाले माहीत. मी पाय ठेवते. खालचं मले दिसते का?" ती पाठीवरून उतरली. रांगेकडे वळली. "ऐका सारे. आजपासून ज्याले खरं सांगता येते त्यानंच पालथं व्हा. नाई उतरलं तं नाई मना. मी काई फासावर नाई चढत. बाकीच्याइनं घरी जा." कोणी गेलं नाही. देवीदास मुंगीच्या पावलांनी ओसरीवर आला, पालथा झाला. तिनं पाय ठेवला, चांगला दाबून. "उतरलं?" देवीदासनं बराच विचार केला. सगळं अंगण त्याच्या कमरेकडे बघत होतं. "डाव्या अंगाचं उतरलं," तो म्हणाला. "उजव्या अंगाचं... खरं सांगू का माय? उजव्या अंगाचं नाई." "मंग पडून राय, पुन्हा ठेवते." तुळशीजवळून रऊफभाईंनी एवढा मोठा श्वास सोडला की कावळा उडाला. "मेरा तो पूरा उतरता है, भाभी," ते म्हणाले. "कसम से. मले बोहनीले घ्या."

रांग संपायला ऊन डोक्यावर आलं. त्या दिवशी निम्म्यांचं उतरलं, निम्म्यांचं नाही, आणि ज्यांचं नाही त्यांना तिनं घरी जाऊ दिलं नाही. ओसरीभर पालथी माणसं पडली होती, कापूस वाळत घातल्यासारखी, आणि एकमेकांना आपलं कुठं दुखतं ते सांगत होती. खुशालराव खिडकीशी उभे होते. वच्छलेनं फिल्म उन्हात धरून पाहिली, मग उलटी करून पाहिली, मग परत सुलटी. शेवटी तिनं एका थेंबावर बोट ठेवलं, फिल्म त्यांच्या पाठीला लावून जागा मापली आणि ओठ आवळले. आत गेली. तिचा राग अजून उतरलेला नव्हता, हे भांड्यांच्या आवाजावरून कळत होतं, आणि खुशालरावांना तो आवाज ऐकून बरं वाटत होतं.

ती दोन कप चहा घेऊन आली. एक त्यांच्या हातात दिला. पाट भिंतीशी होता. तिनं तो पायानं बाजूला सारला आणि खिडकीशी, त्यांच्या शेजारी, उभी राहिली. गुडघ्यांचा त्रास होता तिला, उभं राहणं जमत नसे. फुंकर घालून एक घोट घेतला.

"हं," ती म्हणाली. "आता सांगा. कुठी जळते?"

"बैस तू," खुशालराव म्हणाले.

"मी नाई बसत. तुमी सांगा."

त्यांनी टाचेपासून सुरुवात केली.